पाहुण्यांनी खाल्लेली बाग

टिटवाळ्याच्या पुढे रस्त्याला लागून एक पाटी आहे. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं, 'आदर्श पोषण बाग'. ती दिसली की अजूनही माझं डोकं फिरतं. पाटीवर खोटं काही लिहिलेलं नाही, बाग होतीच तशी. पण त्या बागेतून नेमकं कोणाचं पोषण झालं, ते मला विचारा, मी सांगते.

मी शेतकऱ्यांना शिकवते. पोटापाण्याची नोकरीच ती. नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या संस्थेचं ऑफिस आहे आणि कल्याणच्या पुढची काही गावं माझ्या वाट्याला आहेत. गावं म्हणजे आता काय, एका बाजूला टॉवर उभे राहतायत आणि त्यांच्या जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' लिहिलंय, दुसऱ्या बाजूला अर्धा एकर, पाऊण एकर भात लावणारी माणसं. पावसात भात, मग जमीन पुढच्या पावसापर्यंत उताणी पडलेली. आम्ही शिकवायचो ते साधंच होतं. भात निघाला की ओलीवर वाल टाका. बांधावर तूर लावा. विकतची औषधं सोडा, शेण, गोमूत्र, गूळ घालून जीवामृत घरीच करा. पालापाचोळा जाळू नका, वाफ्यावर पसरा. मोरीचं पाणी चर काढून अळवाला, केळीला, पपईला द्या. आणि शेवटचा धडा, जो माझ्या मते पहिला: अंगणात जे पिकेल ते आधी घरातल्या पोरांच्या ताटात, उरेल ते बाजारात. कारण या गावांतली बरीच पोरं अंगणवाडीच्या काट्यावर हलकी भरत होती. घरात भात होता, पोट भरत होतं, पण भाजी, अंडं, फळ म्हणजे कधीतरी.

पाटी ज्या घरासमोर आहे, त्या घरातल्या बाईला मी इथे बागवाली म्हणेन. तिशीच्या आतली. नवरा डोंबिवलीला कंपनीत पाळीवर, घरात ती आणि तिची साडेतीन वर्षांची मुलगी. मुलगी अंगणवाडीत सगळ्यात हलकी. तिचं मनगट धरलं तर माझी दोन बोटं वेढा घालून वर उरायची. हसरी होती, पण लगेच दमायची. पळापळी खेळताना मध्येच मातीत बसायची आणि बाकीची पोरं तिला वळसा घालून पळत राहायची. तिला दमलेलं बघून मला गलबलून यायचं. बाकी कागदावर काय उद्दिष्टं लिहिली होती ती लिहिली होती, माझ्या डोक्यात एवढंच होतं की ही मुलगी न बसता पळली पाहिजे.

बागवालीने शिकलेलं सगळं केलं, आणि झपाट्याने केलं. मोरीचा चर तिने एका दुपारी खणला. दुधीचा वेल छपरावर गेला, चवळी कुंपणावर, लाल माठ, मेथी, भेंडी, शेवगा. मागच्या बाजूला पपईची झाडं लावली आणि त्यातल्या एकाला पहिल्याच वर्षी इतक्या पपया लगडल्या की बुंध्याला टेकू द्यावा लागला. दोन कोंबड्या फिरत होत्या. मी दर आठवड्याला जायचे आणि दर वेळी बाग भरलेली दिसायची. मला वाटलं, झालं काम.

आणि मग गाड्या यायला लागल्या. खरं तर आमच्या शिकवण्यातून उभ्या राहिलेल्या बागा कितीतरी होत्या, पण बाकीच्या आत पाड्यांवर, चिखलातून चालत जावं लागे अशा. ही रस्त्याला लागून. गाडीतून उतरायचं, दहा पावलं टाकायची, फोटो काढायचा. म्हणून आमच्या सरांनी, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी, पाटी इथे लावली. मग पैसे देणारे आले, पैसे देऊ का नको विचार करणारे आले, कॉलेजची मुलं आली, कुठलेसे अधिकारी आले, त्यांच्या मिसेस आल्या. एकदा एक जोडपं नुसतंच आलं, फार्महाऊसवर जाताना पाटी दिसली म्हणून.

आता तिकडची रीत ऐका. दारात आलेला माणूस नुसता पाणी पिऊन जात नाही. चहा तर होतोच, पण घरात जे असेल ते शिजवून वाढायचं, आणि निघताना पिशवी रिकामी जाऊ द्यायची नाही. असं केलं नाही तर ती घराची नाचक्की. बागवालीच्या आईने हेच केलं, सासूने हेच केलं. फरक एवढाच की त्यांच्याकडे वर्षातून चार पाहुणे यायचे, आणि हिच्या दारात आम्ही गाड्या लावत होतो.

मी हे सगळं डोळ्यांनी बघितलंय म्हणून इतकी चिडून लिहितेय. पाहुणे उतरले की ती बागेत शिरायची. भेंडी खुडली, माठ उपटला, वेलावरून दुधी उतरला, कोंबडीखालची अंडी काढली. तांदळाच्या गरम भाकऱ्या, दोन भाज्या, अंड्याची पोळी. पाहुणे ओसरीवर बसून बोटं चाटत म्हणायचे, अहाहा, ही चव शहरात नाही. नसेलच. जेवून झालं की बागेत फिरायचे आणि फिरता फिरता हात चालू. एक बाई पर्समधून कापडी पिशवी काढून मला म्हणाल्या, "हे सगळं ऑरगॅनिक आहे ना?" म्हटलं, हो. तशी त्यांनी आणखी मूठभर चवळी तोडली.

एकदा सर निघाले तेव्हा त्यांच्या हातात दुधी होता. तो बागवालीने आदल्या आठवड्यात मला दाखवला होता, मुलीला आवडतो म्हणून ठेवलाय असं सांगून. मी गाडीपाशी जाऊन स्पष्ट म्हटलं, "सर, तो दुधी तिच्या मुलीसाठी ठेवलेला आहे."

सर हसले. "अहो, एवढीशी ती मुलगी, एवढा मोठा दुधी खाणार आहे का?" म्हणाले, आणि दुधी मागच्या सीटवर ठेवून गाडीत बसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओसरीवर मुलीला शेजारी घेऊन बागवाली हात जोडून हसत उभी होती, आणि तिच्या दारात तमाशा करायचा मला धीर झाला नाही.

पुढच्या वजनाच्या दिवशी अंगणवाडीच्या बाईंनी मुलीला काट्यात बसवलं. काटा जिथे होता तिथेच. आतल्या पाड्यांवरची पोरं वाढली होती, एकाचे तर गाल वर आले होते. त्यांच्या बागांपर्यंत गाडी जात नव्हती ना. आणि आमच्या आदर्श बागेची पोर आहे तिथेच. बाईंनी तिला विचारलं, "काल काय जेवलीस गं?" ती म्हणाली, "भात." भाताबरोबर काय, तर आमटीचं पाणी. बाईंनी माझ्याकडे बघितलं.

मी तडक त्या घरी गेले. बागवाली धुणं वाळत घालत होती. मी रागाच्या भरात म्हटलं, "अगं, बाग एवढी भरलीय आणि पोरीला आमटीचं पाणी घालतेस? भाज्या जातात कुठे?"

तिने हातातला ओला कपडा पिळून दोरीवर टाकला. मग हळूच म्हणाली, "ताई, तुमचेच पावने येतात ना. कधी कोण येल, सांगून येत नाय. दारात गाडी थांबली आनि बाग रिकामी दिसली तर? म्हनून तोडत नाय मी. ठेवते."

बाग भरलेली का दिसायची, ते मला तेव्हा कळलं. कोणी खातच नव्हतं म्हणून भरलेली. आम्ही खायला शिकवत होतो आणि ती राखणदारी करत होती. पडवीत एक पिकलेली पपई ठेवलेली होती, एका बाजूने पाखरांनी टोचलेली, म्हणजे पाहुण्यांसमोर ठेवता येणार नाही अशी. मी सुरी मागून घेतली, चांगली फोड कापली आणि मुलीसमोर धरली. तिने हात मागे घेतले.

"खा ना," म्हटलं, "तुझीच आहे."

तिने मान हलवली. "पावन्यांची," म्हणाली.

चार वर्षांची पोर. तिला ना अक्षर येत होतं, ना दहापर्यंत आकडे. पण आपल्या अंगणातलं फळ आपलं नाही, हे तिला पक्कं शिकवून झालं होतं. हे प्रशिक्षण कोणी दिलं? आम्हीच. मला रडू आलं आणि रडण्यापेक्षा जास्त चीड आली, इतकी की ती फोड मी तशीच हातात धरून उभी राहिले. शेवटी आईने सांगितलं, खा गं, ताई देते, तेव्हा तिने ती दोन्ही हातांत घेतली आणि माझ्याकडे पाठ करून खाल्ली.

ऑफिसच्या बैठकीत मी हा विषय काढला. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेले होते, तो चढलाच. म्हटलं, त्या बागेत यापुढे पाहुणे न्यायचे नाहीत. न्यायचेच असतील तर डबा घेऊन न्यायचे, आणि पानालासुद्धा हात लावायचा नाही. तिथली भाजी त्या मुलीची आहे. सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते ऐकून छान घेतात. मग म्हणाले, "मॅडम, त्या लोकांचं प्रेम असतं ते. आपण नाही म्हटलं तर त्यांनाच वाईट वाटेल." शेजारून कोणीतरी म्हणालं की गावाला हा प्रकल्प आपला वाटतो याचंच हे लक्षण आहे, अहवालात घ्यायला हवं. मी कपाळावर हात मारला. त्याच बैठकीत ठरलं की पुढच्या महिन्यात मोठे पाहुणे येणार आहेत, त्यांना ती पपईची बाग दाखवायची.

मी बागवालीला जाऊन सांगितलं, की या वेळी तू सरळ नाही म्हण. चहा दे आणि सोड.

"दारात आलेल्याला नाय कशी म्हनू?" ती म्हणाली.

"मग मी म्हणते."

तिला ते लागलं. "माज्या दारात तुमी नाय म्हननार? मंग गावात मी तोंड कसं दाखवू?"

तिचंही बरोबर होतं. आम्ही दोघी अंगणात बसून राहिलो. दुपार होती, मुलगी पडवीत झोपली होती. समोर रस्त्यापलीकडे गावदेवीचं देऊळ, देऊळ कसलं, चार खांबांवर पत्रा, आणि त्याला लागून एक आंब्याचं झाड. ऐन हंगामात त्या झाडाला हात पोचेल इतक्या खाली कैऱ्या लोंबत असायच्या. रस्त्यावरून दिवसभर माणसं जायची, एकही कैरी कमी व्हायची नाही. मी सहज म्हटलं, हे बरं आहे, याच्या कैऱ्या कोणी चोरत नाही.

"देवीच्या हायत त्या," बागवाली म्हणाली. "देवीचं कोन तोडंल?"

मग आम्ही एकमेकींकडे बघितलं.

इथे माझ्या घराचं सांगायला हवं. माझे वडील विज्ञानाचे शिक्षक होते. आमच्या घरात देव्हारा नाही, कधीच नव्हता. मी शाळेत असताना परीक्षेच्या दिवशी मैत्रिणीने लावलेला अंगारा त्यांनी पुसायला लावला होता आणि पेपर अभ्यासानेच सुटेल असं सांगितलं होतं. त्यांची मुलगी मी, शेतीशास्त्राची पदवी घेतलेली, नौपाड्यात पूजेच्या सामानाच्या दुकानासमोर उभी राहून शेंदूर मागत होते. दुकानदाराने विचारलं, मारुतीला का? म्हटलं, हो, तसंच. पुडी पर्समध्ये टाकताना मला माझाच राग आला, आणि माझ्यापेक्षा शंभरपट ज्यांच्यामुळे ही वेळ आली त्यांचा.

माझ्या लेखी ती युक्ती होती. एक दगड रंगवायचा, पपईखाली ठेवायचा, काम भागवायचं. बागवालीने मला तिथेच अडवलं. "खोटं नाय करायचं, ताई. देवीचं म्हटलं की मंग देवीचंच." ओढ्यातून दगड तिने निवडून आणला, धुतला, तेलात शेंदूर कालवून लावला. गावदेवीला जाऊन सांगून आली. शेजारणींना बोलावून वालाची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य दाखवला. मग बागेची वाटणी केली. दारापासचे दोन वाफे पाहुण्यांचे, त्यांना उपाशी कशी पाठवू. पपईपासून मागचं सगळं देवीचं. आणि देवीपुढे ठेवलेलं आधी पोरांच्या तोंडी जायचं, ही तिथली पहिल्यापासूनची पद्धत. रोज सकाळी जे पिकलं असेल ते दगडापुढे टेकवायचं आणि अंगणवाडीत न्यायचं. बाई तिथल्या खिचडीत भाजी टाकायला लागल्या. घरी पोरीच्या ताटात दुधी आला, अंडं आलं. माझ्या पदवीने जे जमलं नव्हतं ते होत होतं आणि मला त्यात तोंड घालायचं नव्हतं.

मग तो मोठ्या पाहुण्यांचा दिवस आला. दोन गाड्या. पाहुण्यांनी दारापासची मेथी बघितली, जीवामृताचं पिंप उघडून नाकाला रुमाल लावला, चहा घेतला. सर त्यांना मागे पपईकडे घेऊन गेले. झाडावर एक पपई पिवळी झालेली, हाताला येईल अशी. सरांनी हात वर केला, अगदी सवयीने, बोलणं न थांबवता.

"सायेब, ती देवीची हाय," बागवाली म्हणाली.

तिच्या तोंडून नकार मी पहिल्यांदाच ऐकला. सरांनी खाली बघितलं. बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड, त्यावर जास्वंद. त्यांचा हात झर्रकन खाली आला. ते दोन पावलं मागे सरले, बूट काढले, मोजे काढले, त्या ओल्या मातीत अनवाणी उभं राहून हात जोडले. बाकीच्यांनीही काढले. पपईखाली कातडी बुटांची रांग लागली आणि मी ती बघत राहिले. याच माणसाला मी याच दारात सांगितलं होतं की हे मुलीचं आहे. तेव्हा हसला होता. मुलगी समोर उभी होती, हाडामांसाची, दमून खाली बसणारी, तिच्यासाठी याचा हात थांबला नव्हता. ओढ्यातल्या दगडाला शेंदूर लावला तर मोजेसुद्धा निघाले.

हात जोडून झाल्यावर सर म्हणाले, "प्रसाद नाही का मिळणार?"

प्रसादाला कोणी नाही म्हणत नाही, म्हणजे पुन्हा पपई गेली. पण बागवाली शांत होती. तिने पपई उतरवली, दगडापुढे टेकवली, कापली. आधी मुलीला हाक मारली. मुलगी पळत आली, मला दिसलं की ती पळत आली. तिच्या हातात आईने भरलेलं ताट दिलं. मग प्रत्येक पाहुण्याच्या तळहातावर एकेक तुकडा ठेवला, बोटाच्या पेराएवढा, प्रसाद जेवढा असतो तेवढाच. कोणी आणखी मागितला नाही. सरांनी तो कपाळाला लावला, डोळे मिटून खाल्ला, आणि घरच्यांसाठी म्हणून आणखी तेवढाच एक रुमालात बांधून घेतला. मुलगी दगडाला टेकून बसली होती, कोपरापर्यंत रस ओघळत होता. मी वाकून विचारलं, कोणाची गं पपई? तोंड भरलेलं होतं म्हणून तिने नुसतं बोट छातीला लावलं.

परतताना मी सरांच्या गाडीत होते. ते खूश होते. म्हणाले, "किती श्रद्धा आहे लोकांची. आणि पोरगीही छान टुणटुणीत झालीय की."

मी म्हटलं, "सर, ती पपई त्या मुलीचीच होती. तो दुधीही तिचाच होता. तिची बाग आपण खात होतो म्हणून तिच्या आईला तिथे देवी बसवावी लागली."

सर माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं, मी ते विसरणार नाही.

"अहो, मग आधी सांगायचं ना, मॅडम," ते म्हणाले.